मासा कुठल्या पाण्याचा

अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी माशाच्या आकाराची आहे, हे इथले शेंबडे पोरही सांगते. देवीचे नाव त्यावरूनच पडले. नवरात्रात यात्रा भरते, एरवीही पायऱ्यांवर वर्दळ असते. आम्ही दोघे या गावात मराठी शिकवू लागलो त्याला आता वीसेक वर्षे होत आली. त्या टेकडीवर बसून कितीतरी संध्याकाळी आम्ही नव्या कवितेपासून विद्यापीठाच्या अभ्यासक्रमापर्यंत सर्व विषयांवर वाद घातले आहेत. पण ही टेकडी जर मासा असेल तर तो मासा कोणता, असा प्रश्न आमच्या मनात कधी आला नाही. भाषेच्या माणसांना ‘मासा’ एवढा शब्द पुरतो. कवितेत तर ‘मीन’ आला की काम भागते.

प्रश्न आला तो आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे, आणि तोही आफ्रिकेतल्या माशाच्या निमित्ताने. हा विद्यार्थी शहागडच्या बाजूचा, गोदाकाठच्या भोयांच्या घरातला. मराठी विषय घेऊन बी.ए. झाला, एक-दोन वर्षे नोकरीच्या खटपटीत गेली आणि पुढे त्याने छत्रपती संभाजीनगरात शोभेच्या माशांचे लहानसे दुकान टाकले. एका रविवारी त्याचा फोन आला, ‘सर, दोघंबी या. एक मासा दाखवायचाय. त्याच्यावर इंग्रजीत लई लिहिलेलं हाय, मला उमगंना.’

आम्ही गेलो. दुकानाच्या मागच्या खोलीत एका लांबट काचेच्या टाकीत तो पडून होता. दीड वीत लांब, हिरवट करडा, अंगाने सापाकडे झुकणारा. पाठीवर एक सलग पर नसून छोट्या छोट्या शिडांची रांग होती. मध्येच तो सरळ वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा घोट घेतला आणि पुन्हा तळाशी जाऊन पडला. आमच्यापैकी एकाने नकळत दोन पावले मागे घेतली. टाकीवर व्यापाऱ्याने लावलेली चिठ्ठी होती : लाप्राडेई, फराना, रानातला.

हा ‘बिचीर’ जातीचा मासा. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने सांगितले होते, की तो खरोखर फरानाचा आणि नदीतून धरलेला असेल तर दुप्पट-तिप्पट पैसे देतो. शेतात पैदा केलेला असेल तर नको. व्यापारी म्हणत होता, चिठ्ठीवर लिहिले आहे ते खरे समजा. आमचा विद्यार्थी अडला होता तो इथेच. ‘मी बघितलं नाही त्ये माझ्या सहीनं कसं लिहू?’ असे तो म्हणाला. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत न पाहिलेल्या, न वाचलेल्या गोष्टींवर पानेच्या पाने लिहिणारी मुले आम्ही दरवर्षी तपासतो. त्यामुळे हे वाक्य ऐकून आम्ही जरा गप्पच झालो.

पुढचे दोन-तीन आठवडे आम्ही बिचीरविषयी मिळेल ते वाचले. विषय आमचा नव्हे, पण शब्दांचा माग काढायची सवय कामी आली. आणि पहिलीच गंमत शब्दात निघाली. नेपोलियनच्या इजिप्तवरील मोहिमेत जे विद्वान गेले होते त्यांत जॉफ्रुआ सेंत-हिलेर हा प्राणिशास्त्रज्ञ होता. नाईल नदीतल्या या माशाचे वर्णन त्याने १८०२ मध्ये प्रसिद्ध केले. प्रजातीला त्याने ‘पॉलिप्टेरस’ म्हणजे पुष्कळ परांचा असे ग्रीक नाव दिले. पण जातीचे नाव ठेवले बिचीर, आणि हा शब्द त्याने उचलला नाईलकाठच्या अरबी बोलीतून. म्हणजे युरोपातल्या ग्रंथालयांत गेली दोन शतके जे नाव छापले जात आहे, ते मुळात कुणा कोळ्याच्या तोंडचे.

हा मासा शास्त्रज्ञांना एवढा मोलाचा का वाटला, तर त्याला कल्ल्यांबरोबर फुप्फुसेही आहेत, अंगावर कौलांसारखे बसवलेले कठीण खवले आहेत, पुढचे पर मांसल देठावर बसलेले आहेत. पाण्यातून जमिनीवर आलेल्या आपल्या पूर्वजांविषयी तो काही सांगेल अशी आशा होती. या आशेपायी जॉन बजेट हा तरुण इंग्रज चार वेळा आफ्रिकेत गेला. चौथ्या खेपेला, १९०३ मध्ये, नायजर नदीच्या काठी त्याला बिचीरची फलित अंडी आणि भ्रूण मिळाले. परत आला तो तापाचे दुखणे घेऊनच. १९०४ च्या जानेवारीत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो गेला. त्याचे अपुरे काम मित्रांनी पुरे केले. हे वाचले त्या रात्री आम्ही फोनवर बराच वेळ बोलत होतो. बोलणे माशांवर कमी आणि आपापल्या अर्धवट राहिलेल्या प्रबंधांवर जास्त झाले. असो.

बिचीरच्या डझनभर जाती आफ्रिकेत आहेत. सेनेगल, नायजर, चाड, काँगो, नाईल अशा वेगवेगळ्या खोऱ्यांत त्या विखुरलेल्या आहेत, आणि एकाच जातीतही नदीगणिक थोडाथोडा फरक पडतो. पाळणाऱ्या हौशी लोकांनी ओळखण्याची जी रीत बसवली आहे ती मोठी नमुनेदार आहे. आधी जबडा पाहायचा. खालचा पुढे आला असेल तर एक गट, वरचा पुढे असेल तर दुसरा. मग पाठीवरची शिडे मोजायची; प्रजातीत ती सातापासून अठरापर्यंत असतात. पाठीवरच्या पहिल्या शिडाची जागा कुठे येते ते पाहायचे, अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेवरचे खवले मोजायचे. अंगावरचे पट्टे सर्वांत शेवटी पाहायचे, कारण ते फसवतात. सेनेगलचा बिचीर पिलू असताना पट्ट्यापट्ट्यांचा असतो, मोठा झाला की सरळ करडा होतो. पाणी गढूळ की स्वच्छ, तळ काळा की पांढरा, यावरही रंग उतरतो-चढतो.

आम्ही दोघांनी विद्यार्थ्याच्या मदतीने शिडे मोजली. तिघांचे आकडे तीन आले. मासा स्थिर राहीना, आणि आमच्यापैकी एकाचा चष्मा घरी राहिला होता. अखेर मोबाइलवर छायाचित्र काढून मोजली तेव्हा एकमत झाले. जबडा खालचा पुढे होता. लाप्राडेई म्हणायला हरकत नव्हती. पण ‘फराना’? फराना हे गिनी देशातले नायजरकाठचे गाव आहे. त्या गावाजवळच्या पाण्यातला मासा कसा दिसतो याची छायाचित्रे लोकांनी दिलेली आहेत. आमचा मासा त्यातल्या काहींसारखा दिसत होता आणि काहींसारखा दिसत नव्हता. जसजसे वाचत गेलो तसतसे एक उघड होत गेले. जात अंगावरून ओळखता येते, निदान ओळखण्याचा प्रयत्न करता येतो. पाण्याचे ठिकाण मात्र माशाच्या अंगावर लिहिलेले नसते. ते ज्याने जाळे टाकले त्यालाच ठाऊक असते. त्याने ते सांगितले, पुढच्याने जपले, त्याच्या पुढच्याने बदलले नाही, तरच ते चिठ्ठीवर खरे उतरते. मधला एक माणूस जरी हयगय करणारा निघाला तरी नायजरचा मासा कायमचा बेगावाचा होतो. त्यात आता आग्नेय आशियातल्या मत्स्यशेतांत या माशांची पैदास होते, दोन जातींचा संकरही होतो. तिथल्या पिलाला तर सांगायला नदीच नाही.

हे सर्व आम्ही विद्यार्थ्याला ऐटीत समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘सर, ह्ये तर आमचे तात्या सांगायचे. मी लिहिलं होतं तुमच्या पेपरात.’

तात्या म्हणजे त्याचे चुलते. आणि पेपर म्हणजे पहिल्या वर्षाच्या ट्युटोरियलचा निबंध, ‘माझ्या गावची नदी’. आम्हांला अर्थातच काही आठवेना. पण वही त्याच्याकडे होती. दुकानातल्या गल्ल्याखालच्या खणातून त्याने ती काढली. सात पानांचा निबंध. पहिल्या पानावर वीसपैकी नऊ. आमच्यापैकी कोणी तो तपासला होता हे इथे सांगण्यात अर्थ नाही. अक्षर दोघांचेही सारखेच वाईट आहे आणि लाल शाईची सवय दोघांनाही.

निबंधात सूर्योदय नव्हता, लोकमाता नव्हती, पवित्र जल नव्हते. होती ती जाळ्यांची, वेळांची आणि माशांची माहिती. ‘घोगऱ्या आणि कुतरनी ही एक नव्हं’ असे एक वाक्य होते. पुढे, वाहत्या पाण्यातला कोणता, डोहातला कोणता, पैठणच्या धरणाच्या अंगाचा कोणता, हे तात्या घमेल्यात नुसते पाहून न सांगता आधी ‘धरला कुठं’ असे विचारतात, असे लिहिले होते. त्या सबंध परिच्छेदाला लाल कंस घालून समासात आम्ही शेरा दिला होता : असंबद्ध. ‘नव्हं’चे ‘नव्हे’ केले होते. आणि ‘कुतरनी’तला न खोडून त्यावर ण लिहिला होता. कुतरनी म्हणजे काय, हे विचारण्याची गरज आम्हांला वाटली नव्हती. शब्द शुद्ध झाला, एवढ्यावर समाधान होते.

विद्यार्थी हे हसत हसत दाखवत होता. त्याच्या मनात काही नव्हते, हे खरे. तरी अंबडला परत येईपर्यंत आम्ही गाडीत फारसे बोललो नाही.

मग आम्ही आपल्याकडच्या माशांविषयी वाचायला घेतले आणि त्यात कर्नल साइक्स भेटला. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी. मुंबई इलाख्यात १८२४ पासून १८३१ पर्यंत तो दख्खनची सांख्यिकीय पाहणी करत हिंडला. पिके, जमीनमहसूल, हवामान, पक्षी, प्राणी, सगळेच त्याने टिपले. दख्खनच्या ४६ जातींच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेकडून आधी १८३९ मध्ये संक्षेपाने आणि १८४१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाला. पुण्याजवळची मुळा-मुठा, शिरूरची घोड, भीमा, गोदावरी या नद्यांतले हे मासे. आणि नव्या जातींना लॅटिन नावे देताना या माणसाने बहुतेक ठिकाणी सरळ मराठी नावेच ठेवली.

ती यादी वाचताना आम्हांला जे वाटले ते नीट सांगता येणार नाही. ‘सींगटी’ म्हणजे शिंगटी. ‘मुल्ल्या’ म्हणजे मळ्या. ‘नुक्टा’ म्हणजे उघडच नकटा. या माशाच्या नाकाडावर मोठी खाच असते, आणि ‘नकटा’ नावाच्या बदकालाही इंग्रज ‘नुक्टा’च म्हणत. ‘पोटेल’ नावाचा एक मासा आहे; त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत पाटलाचे स्पेलिंग हेच असे, त्यामुळे हा मासा पाटील असावा असा आमचा तर्क आहे. आणि पुढे, एकाच प्रजातीत शेजारी शेजारी, ‘गोग्रा’ आणि ‘कुटुर्नी’. घोगरा आणि कुतरणी. साइक्सने त्यांना दोन वेगळ्या जाती मानले आणि आजही शास्त्रात ‘रिटा गोग्रा’ आणि ‘रिटा कुटुर्नी’ ही दोन्ही नावे कायम आहेत. घोगरा हे नाव त्याच्या आवाजावरून आले असणार, कारण या कुळातले मासे पाण्याबाहेर काढले की काट्यांच्या घर्षणाने घोगरे ओरडतात. दुसरे नाव कुतरण्यावरून आले की कातरण्यावरून, यावर आम्हा दोघांत अजून मतभेद आहे. पण ‘घोगऱ्या आणि कुतरनी ही एक नव्हं’ हे वाक्य एका विलायती कर्नलने १८३९ मध्ये गंभीरपणे लिहून घेतले, आणि तेच वाक्य मराठीच्या दोन प्राध्यापकांनी पावणेदोनशे वर्षांनंतर असंबद्ध म्हणून कंसात घातले, ही वस्तुस्थिती आहे. २०१७ च्या सुमारास याच गोदावरीच्या खोऱ्यातून ‘रिटा बकालू’ ही आणखी एक जात शास्त्रज्ञांनी वेगळी काढली, म्हणजे या एका प्रजातीचाही हिशेब अजून पुरा झालेला नाही.

साइक्सला नायक करण्याचा आमचा हेतू नाही. तो राज्यकर्त्यांचा माणूस होता, आणि ज्यांनी त्याला ही नावे सांगितली त्या भोई-कोळ्यांपैकी एकाचेही नाव विज्ञानात उरलेले नाही. शिवाय नुसत्या नावाने सगळे भागत नाही. साइक्सने पाहिलेल्या माशांपैकी बहुतेकांचे मूळ नमुने आज हाती नाहीत. उरले आहे ते वर्णन, चित्रे, मराठी नाव आणि नदी. मसुल्ला नावाच्या माशाचे जे झाले ते यामुळेच. घोड नदीतल्या एका मोठ्या माशाला साइक्सने हे नाव दिले. पुढे कोणीतरी ते कावेरीतल्या पाठीवर मदार असलेल्या प्रचंड महसीर माशाला लावले आणि पुस्तकांतून कित्येक दशके तेच चालले. अलीकडे अभ्यासकांनी मूळ वर्णन पुन्हा तपासले, तेव्हा साइक्सचा मसुल्ला महसीर नव्हेच, वेगळ्या प्रजातीचा मासा आहे, असे निघाले. मग कावेरीचा तो मदारवाला कोण? त्याला शास्त्रशुद्ध नावच नव्हते.

नावाच्या अशा घोटाळ्याने कोणाचे काय बिघडते, असे वाटेल. कावेरीत बिघडले. आपल्याकडच्या महसीरला साइक्सने ‘खुद्री’ म्हटले, तो मुळा-मुठेचा मासा. लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची कृत्रिम पैदास होऊ लागली. काम मोठे होते आणि हेतू चांगला होता. घटत चाललेल्या माशाची बोटुकली ठिकठिकाणच्या नद्या-तलावांत सोडली गेली. कावेरीतही सोडली गेली. महसीर तो महसीर, असा सर्वांचाच समज. कावेरीत हा पाहुणा फोफावला आणि तिथला मदारवाला घटत गेला. गळ टाकणाऱ्यांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी अभ्यासकांनी २०१५ मध्ये मांडल्या तेव्हा हे आकड्यांत दिसले. २०१८ मध्ये त्या माशाची ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पटली, तोवर तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आलेला होता. धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणे होतीच. सगळे खापर एका पाहुण्यावर फोडणे बरोबर होणार नाही. पण कोणता मासा कुठल्या पाण्याचा हे आधी विचारले गेले असते तर निदान त्याला वाचवण्यासाठी नाव तरी हाताशी असते.

आमच्या गोदावरीची गोष्ट याहून फार निराळी नाही. १९७६ मध्ये पैठणला जायकवाडीचे धरण पुरे झाले. शेतीला पाणी आले, आमच्या तालुक्यातले ऊस आणि मोसंबी त्यावर उभे आहेत, तेव्हा त्याविषयी तक्रार करण्याचा तोंडदेखलेपणा आम्ही करणार नाही. वाहत्या नदीचे मात्र साचलेले पाणी झाले. त्यात रोहू, कटला आले, मग चिलापी आला. आज अंबडच्या आठवडी बाजारात घमेल्यात दिसतात ते हेच.

मागच्या हिवाळ्यात विद्यार्थ्याने आम्हांला त्याच्या गावी नेले. जाता जाता सांगितले, की पुण्याच्या गिऱ्हाइकाने मासा घेतला नाही. चिठ्ठीवर त्याने स्वतः लिहिले होते : लाप्राडेई वाटतो, ठिकाण माहीत नाही. व्यापारी त्याला वेडा म्हणाला. मासा अजून टाकीतच आहे, बोटभर वाढलाही आहे.

तात्या घाटावर जाळे विणत बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, नजर मात्र धाग्यावर पक्की. आम्ही वही काढली आणि माशांची नावे सांगा म्हटले. ‘लिहून काय करताव सर?’ त्यांनी विचारले. आमच्याजवळ धड उत्तर नव्हते. थोडा वेळ ते गप्प राहिले, मग सांगू लागले. मरळ, वांब, शिंगटी, मळ्या. प्रत्येक नावाबरोबर एक जागा येत होती. अमुक कपारीतला, तमुक वळणावरचा, पूर ओसरल्यावर मिळणारा. कित्येक जागा आता पाण्याखाली होत्या. कुतरनीपाशी आले तेव्हा आमच्यातल्या ज्याच्या हातात पेन होते त्याचा हात क्षणभर थांबला.

‘पुन्हा एकदा सांगा, तात्या.’

‘कुतरनी.’

न लिहिला.

‘किती दिवसांत दिसली नाही?’ यावर त्यांनी हाताची बोटे मोजायला घेतली, पुतण्याच्या लग्नापाशी थांबले, त्याआधी धाकट्या मुलीच्या लग्नापर्यंत गेले आणि मग मोजणे सोडून दिले.

निघताना विद्यार्थ्याने मोबाइलवर बिचीरचे चित्र त्यांच्यापुढे धरले. तात्यांनी मोबाइल हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. पाठीवरची शिडे त्यांना आवडलेली दिसली. तीवर त्यांनी अंगठा फिरवला तसे चित्र सरकले आणि पुतण्याने ते पुन्हा आणून दिले.

‘कुठल्या पाण्याचं हाय?’

‘ठाऊक नाही तात्या. कागदावर हाय, पण खरं नसंल.’

‘मंग मला काय इचारतो,’ असे म्हणून त्यांनी मोबाइल परत दिला आणि जाळ्याची सुटलेली गाठ शोधू लागले.